प्रबंधाचा खाडा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे मांडायची रीत सासूबाईंची. ज्या दिवशी दूध घेतलं नाही, त्या तारखेच्या चौकोनात निळ्या पेनानं फुली मारायची, महिनाअखेरीस फुल्या मोजायच्या आणि दूधवाल्याच्या हिशेबातून तेवढे पैसे वजा करायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि त्याच चौकोनांत लाल पेनाच्या फुल्याही पडायला लागल्या. प्रबंधाला हात लागला नाही, त्या दिवसांच्या.

हात लागला म्हणजे काय, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. एक परिच्छेद लिहिला, एखाद्या मुलाखतीची दहा मिनिटं उतरवून काढली, एक टिपण नीट केलं, तर दिवस भरला. नुसता विचार केला तर नाही भरला. विचार तर लोकलमध्ये, पोळ्या लाटताना, परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारताना चालूच असतो, त्याची पानं होत नाहीत. आमच्या गाईड मॅडम पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "रोज भेटायला जा त्याला. महिन्यातून एकदा पाहुण्यासारख्या गेलात तर तो तुम्हाला ओळख देणार नाही." हे किती खरं आहे ते मला एका मे महिन्यात कळलं. पाच आठवड्यांनी फाइल उघडली आणि माझंच वाक्य मला परकं वाटलं. ते कुठे निघालं होतं, पुढे काय म्हणायचं होतं, काही आठवेना. मागची तीस पानं वाचण्यात पुढचे चार दिवस गेले. खाडा एका दिवसाचा कधीच नसतो.

माझा विषय गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांचा. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावरांनी १८५४ मध्ये उभी करायला घेतली, १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत रत्नागिरीकडून, साताऱ्याकडून, घाटावरून माणसं येत राहिली. पुरुष इकडे आले, बायकापोरं गावाला राहिली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत पुरुषांच्या जेमतेम निम्म्या बायका होत्या. एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या, गावकीच्या एकेका खोलीत दहा-पंधरा माणसं राहायची, पाळीप्रमाणे आलटून पालटून झोपायची. या माणसांना जेवायला कोण घालत होतं, हा माझा प्रश्न. उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत ज्यांची चूल पेटायची, त्या बायका. कुणी विधवा, कुणाचा नवरा गिरणीतच बदली कामगार, कुणाचा दारूत गेलेला. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचं महिन्याचं जेवण.

पण हे कागदावर शोधायला गेलं की सापडत नाही. मुंबई सरकारचं लेबर ऑफिस १९२१ मध्ये सुरू झालं. त्यांनी कामगाराच्या घरखर्चाचा हिशेब मांडला, धान्य किती, भाडं किती, कर्ज किती. मी आजवर जे कागद पाहिले त्यांत तांदळाचा भाव आहे, तो तांदूळ निवडणारीचं नाव नाही. एखाद्या ओळीत खानावळ येते आणि पुढच्या ओळीत निघून जाते. त्या एका ओळीसाठी काळा घोड्याला जायचं.

पुराभिलेखागार, म्हणजे आपलं आर्काइव्ह्ज, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. हे दफ्तर १८२१ पासूनचं. मला तिथे जाणं अतिशय आवडतं, आणि म्हणूनच तिथे जायला मिळत नाही याचं दुःखही तेवढंच आहे. गुरुवारी माझी लेक्चर्स साडेदहाला संपतात. मग भांडुपपाशी धीमी लोकल पकडायची, सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकावरून चालत जायचं. चिठ्ठी भरायची, बस्ता, म्हणजे कागदांचा गठ्ठा, येईपर्यंत थांबायचं. कागद इतका ठिसूळ असतो की पान उलटताना श्वास रोखला जातो, त्याचे तपकिरी कण बाहीवर पडतात. दीड-दोन तास वाचून होतात तोवर घड्याळ दिसतं, कारण पाचला कॉलेजात मीटिंग असते, नाहीतर मुलीचा क्लास सुटणार असतो. परतीच्या गाडीत लेडीज डब्यात उभ्या उभ्या त्या दोन तासांची टिपणं मोबाइलवर लिहून टाकायची, दादर ते घाटकोपर. घाटकोपरनंतर जागा मिळायची शक्यता असते, पण तोवर डोळे मिटायला लागलेले असतात.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाचं काम लिहून ठेवलेलं आहे. आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवणं, एकूण चाळीस तासांचं काम, वर्षाला तीस आठवडे. आकडे म्हणून हे अगदी माणुसकीचे आहेत. पण अठ्ठेचाळीस मिनिटांच्या एका लेक्चरला मागे किती तास लागतात, हे शिकवणाऱ्याला विचारावं. त्यात कॉलेजच्या मूल्यांकनाची, म्हणजे नॅकची फाइल, कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाचा, म्हणजे आयक्यूएसीचा वार्षिक अहवाल, एनएसएसचं शिबिर, प्रवेशाच्या दिवसांतलं काउंटर, अंतर्गत परीक्षा, मग विद्यापीठाची परीक्षा, मग तपासणी, मग मॉडरेशन. २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत आलं, आणि ज्यांचं पुस्तकच अजून बाजारात नाही असे पेपर शिकवायला आले. त्याच २०२४ मध्ये निवडणुका दोन. मुंबईत लोकसभेचं मतदान २० मे ला झालं, विधानसभेचं २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळा मी मतदान केंद्रावर होते. आदल्या दिवशी मशीन ताब्यात घेण्यापासून मध्यरात्री ती परत जमा करण्यापर्यंत. ते काम मी मनापासून केलं, कारण त्या रांगेत उभं राहिलेल्या माणसांना त्याचं मोल होतं. कालनिर्णयावर मात्र त्या दोन आठवड्यांत निळी-लाल गर्दी झाली. प्रशिक्षणाचे दिवस धरून.

"वेळ काढावा लागतो गं," असं मला खूप जणांनी सांगितलं. प्रेमानंच सांगितलं. पण वेळ विहिरीतून पाणी काढावं तसा कुठून काढायचा असतो, असं मला आता वाटत नाही. वेळ कुणाच्या तरी पदरातून घ्यावा लागतो. पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येक नोकरदार बाईला तिनं तो कुणाकुणाकडून घेतला हे नेमकं माहीत असतं.

मी पहिला घेतला सासूबाईंकडून. मला पहाटे साडेचार ते सहा लिहायला बरं पडतं, त्या वेळी फोन नसतो, डोकं स्वच्छ असतं. २०२१ पासून सकाळचे डबे त्याच करतात. मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही, एके दिवशी मी लिहीत असताना कणीक भिजवल्याचा आवाज आला आणि तेव्हापासून तसंच सुरू झालं. त्यांचे गुडघे दुखतात. एका पहाटे पाणी प्यायला म्हणून मी बाहेर आले, तर त्यांनी ओट्यापाशी स्टूल ओढून घेतलं होतं आणि बसून पोळ्या लाटत होत्या. स्टूल बुटकं. ओटा त्यांच्या छातीशी येत होता, त्यामुळे लाटणं फिरवताना दोन्ही खांदे वर उचलले जात होते, आणि प्रत्येक पोळीमागे त्या क्षणभर थांबून हात खाली सोडत होत्या. मी म्हटलं, "आई, द्या इकडे." त्या म्हणाल्या, "तू जा. तुझं ते पान होऊ दे." मी गेले. पान झालं. त्या दिवशी फुली पडली नाही. पुढच्या रविवारी मी उंच स्टूल आणलं, पण रोज पहाटे तिथे बसायचं त्यांनाच होतं.

विद्यार्थ्यांकडूनही मी वेळ घेतला, आणि ते कबूल करायला मला जड जातं. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दरवर्षी एक काम देते, आपल्या घरातल्या किंवा वस्तीतल्या एका माणसाच्या कामाचा इतिहास लिहून आणा. एका वर्षी प्रगती अहवालाची तारीख आणि या असाइनमेंटच्या गुणांची तारीख एकाच आठवड्यात आली. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे आपण काय केलं ते सांगावं लागतं. मी साठ असाइनमेंटवर टिक मारत गेले, आठ, सात, आठ, नऊ. दोन दिवसांनी एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. तिनं अकरा पानं लिहिली होती, आईच्या कामावर. आई पहाटे ससून डॉकला कोळंबी सोलायला जायची. तिला दहापैकी आठ मिळाले होते. गुणांबद्दल तिची तक्रार नव्हती. तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही वाचलंत का ते?"

मी खोटं बोलू शकले नाही. त्या रात्री मी ती अकरा पानं वाचली. बर्फात हात घालून घालून बोटांची कातडी कशी पांढरी पडते, आई घरी आल्यावर भाकरी का थापू शकत नाही, बालदीमागे पैसे कसे मिळतात आणि बालदी भरली हे कोण ठरवतं, सगळं होतं त्यात. मी ज्या बायका शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांत शोधत होते, त्यांतलीच एक माझ्या टेबलावर दोन दिवस पडून होती. मी तिला दीड पानाचं उत्तर लिहिलं आणि बाकीच्या एकोणसाठ असाइनमेंट पुढच्या आठवडाभरात पुन्हा काढून वाचल्या. त्या आठवड्यात सगळ्या चौकोनांत लाल फुल्या आहेत. मला त्यांची खंत नाही.

शिकवणं संशोधनाच्या आड येतं असं म्हणणारे लोक भेटतात, मला ते पटत नाही. आड येतं ते बाकीचं, तेच ते तक्ते वेगवेगळ्या नमुन्यांत भरून देणं. शिकवण्यानं मला जे दिलं ते कुठल्याही दफ्तरात मिळालं नसतं.

तेही सांगते. १९८२ चा संप शिकवत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. संपाच्या काळात कामगार काय खात होते, असा प्रश्न मी वर्गाला टाकला. कुणी बोललं नाही. तास संपल्यावर शेवटच्या बाकावरचा एक मुलगा जिन्यापर्यंत मागे मागे आला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या आजीची खानावळ होती. लालबागला. ती आहे अजून."

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी त्या आजींकडे गेले. चाळ, दुसरा मजला, लाकडी जिना मधोमध झिजून खोलगट झालेला. आजी पाटण तालुक्यातल्या, वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, आवाज खणखणीत. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, तो १९७४ साली गेला, तेव्हापासून खानावळ. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं आणि प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते अशाच बायकांना सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात नेण्यासाठी. मी आजींना त्याबद्दल विचारलं. त्यांना ठाऊक होतं, शेजारच्या दोघी त्यात होत्या, पण त्या स्वतः गेल्या नव्हत्या. "सही करायला दिवस मोडायचा. चौदा माणसं जेवायची राहत्यात मग." मी हे लिहून घेतलं. ज्या बाईला मदत घ्यायलाही वेळ नाही, तिच्यापर्यंत मदत कशी पोचणार, हा आता माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा मोठा भाग आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, १० जून १८९० ही तारीख मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आजी म्हणाल्या, रविवार सगळ्यात वाईट. सगळे घरी, दोन्ही वेळा जेवणार, दुपारी जरा बरं काहीतरी पाहिजे. त्या बोलल्या तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझी फळ्यावरची तारीख आली. मी ती तशीच लिहिणार आहे, पण तिच्या शेजारी आता हेही सांगते.

मग त्यांनी नातवाला पोटमाळ्यावर चढवलं. पत्र्याच्या ट्रंकेतून त्यानं जुनी कालनिर्णयं काढली, सुरळी करून जुन्या परकराच्या नाडीनं बांधलेली. सहा-सात वर्षांची होती. वर १९८२.

मी आजवर हाताळलेल्या कागदांत इतका मोलाचा कागद दुसरा नव्हता. तारखेच्या प्रत्येक चौकोनात, तिथी आणि नक्षत्राच्या मधल्या जागेत, शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरं होती. तु. बा. मो. ग. एकेका जेवणाऱ्याचं पहिलं अक्षर. त्या दिवशी जो जेवला नाही त्याचं अक्षर लिहायचं, महिन्याचा हिशेब करताना तेवढे दिवस कापायचे. खाडा! आमच्या दारामागे आहे तेच. आजींना लिहिता फारसं येत नव्हतं, नवऱ्यानं शिकवलेली पंधरा-वीस अक्षरं येत होती, आणि तेवढ्यांवर त्यांनी चौदा माणसांचा हिशेब नऊ वर्षं चालवला. जानेवारीचे पहिले सतरा दिवस चौकोन जवळजवळ रिकामे आहेत. अठराचा सोमवार पूर्ण रिकामा, सगळे जेवले. पुढच्या आठवड्यापासून चौकोन भरत जातात. फेब्रुवारीत तर काही चौकोनांत अक्षरांना जागा पुरलेली नाही, ती छापील तारखेवर चढली आहेत. आणि निम्म्याच्या आसपास अक्षरांभोवती गोल काढलेला.

मी मोबाइलवर जानेवारी आणि फेब्रुवारी, दोन पानांचे फोटो काढले. खोलीत उजेड कमी होता, घरातल्या माणसांची जेवणाची वेळ झाली होती, सून ताटं घेऊन थांबली होती. मी म्हटलं, "आजी, मी परत येते. चांगला कॅमेरा घेऊन, सगळी पानं नीट काढू." त्या म्हणाल्या, "ये की. कुठं जात्यात ती."

मार्चमध्ये मुलीची दहावी. एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा आणि तपासणी. मेमध्ये निवडणूक. जूनमध्ये प्रवेश आणि नवा अभ्यासक्रम. जुलैत सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. ऑगस्टच्या शेवटी मी जायचं ठरवलं तर लालबागला मंडप पडले होते, गणपतीत त्या भागात पाऊल ठेवायला जागा नसते, म्हटलं विसर्जन होऊ दे. सप्टेंबरच्या शेवटी गेले. चाळीभोवती निळे पत्रे लागले होते. पुनर्विकासासाठी ऑगस्टातच रिकामी झाली होती. कुटुंब भाड्यानं कळव्याला गेलं होतं. मी तिथूनच नातवाला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मॅडम, टेम्पोत जागा नव्हती. ट्रंक भंगारात दिली. आत काय होतं ते कुणी बघितलंच नाही."

दोष त्या घराचा नाही. नवीन भाड्याच्या जागेत जाणारी माणसं जुनी कालनिर्णयं नेत नाहीत. मी जायला हवं होतं. सात महिन्यांत एक दुपार. मी घरी येऊन आमच्या कालनिर्णयाची मागची पानं उलटली आणि त्या सात महिन्यांतल्या लाल फुल्या बघत उभी राहिले. एकही फुली आळसाची नव्हती. प्रत्येक दिवशी कुणालातरी माझी गरज होती. हे खरं आहे, आणि तरीही ती पानं गेली ती गेलीच. या दोन्ही गोष्टी मी तेव्हापासून एकत्र बाळगून आहे.

मला स्वतःपेक्षा जास्त काळजी माझ्या एका मैत्रिणीची वाटते. ती तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवते. मला निदान पगारी सुट्टी मागता येते, तिचा तास बुडला की पैसे बुडतात. सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची होणार म्हणून तिनं नाव नोंदवलं, मग जुलै २०२३ पासून यूजीसीनं ती ऐच्छिक केली, नेट-सेट ही पात्रता परीक्षा पुरेशी झाली. तोवर तिची चार वर्षं त्यात गेली होती. ती सोडत नाही. परवा म्हणाली, "आता हा विषय माझा झालाय, कुणी मागो न मागो." तिच्या वेळेचा हिशेब कुठल्याच नियमावलीत बसत नाही.

माझी सहा वर्षं ऑगस्ट २०२५ मध्ये संपणार होती. २०१६ च्या नियमांत बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. ज्यांनी ती घातली त्यांना बायकांची सहा वर्षं म्हणजे सहा वर्षं नसतात हे ठाऊक असणार. मी अर्ज केला, मिळाली.

त्याआधी, २०२५ च्या जानेवारीत, त्या दोन फोटोंवर मी एक प्रकरण लिहिलं होतं. अक्षरं मोजली, तक्ता केला. संपानंतर जेवणारे कसे कमी होत गेले, कोण आधी गावाला गेलं, कोण टिकून राहिलं. गोलातल्या अक्षरांचा अर्थ मी लावला होता, कायमचा गावी गेलेला. पटण्यासारखा होता. समितीलाही तो पटला, कुणी शंका घेतली नाही. मलाच कुठेतरी खटकत होतं. "बा" वर चार तारखेला गोल आहे, सहाला नुसतं अक्षर आहे, सातला अक्षरच नाही, नवाला पुन्हा गोल. कायमचा गेलेला माणूस सात तारखेला जेवायला कसा आला?

मे महिन्यात मी कळव्याला गेले. या वेळी कुणाला न सांगता, तपासणी अर्धी टाकून. दोन्ही पानं झेरॉक्सच्या दुकानातून मोठी करून घेतली होती. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांनी कागद लांब धरला, मग अगदी जवळ, मग मांडीवर पसरला आणि बोट फिरवत वाचायला लागल्या. अक्षर नाही, माणसं. "ह्यो तुकाराम. ह्यो बाबू, लई जेवायचा. मोहिते. गणपा." बोट गोलावर आलं तेव्हा मी विचारलं, "आजी, हा गोल कशाचा?"

"गोल केलेला जेवला."

मला कळलं नाही. "जेवला तर मग खाडा का मांडला?"

"आगं, जेवला, पर पैसं घ्यायचं न्हाईत." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, एवढं कसं कळत नाही अशा नजरेनं. "संपात कुठनं देतील? म्हणून कापलं."

मी माझा तक्ता आठवत होते. निम्मी अक्षरं. मी ज्यांना गावाला पाठवून दिलं होतं ती माणसं त्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून जेवत होती.

"पण मग लिहून कशाला ठेवलं आजी? पैसे घ्यायचेच नव्हते तर?"

"किती तांदूळ गेला ते आपल्याला कळाया नगं? वाण्याला तर द्यायचंच हाय."

"वाण्याला कुठून दिले?"

आजींनी उत्तर दिलं नाही. त्यांचा हात गळ्यापाशी गेला, जिथे आता नुसती काळी पोत होती, आणि तिथेच थोडा वेळ राहिला. मग त्या म्हणाल्या, "बोरमाळ हुती," आणि कागद पुन्हा बोटानं वाचायला लागल्या.

त्या दिवशी मी रात्री साडेअकराला घरी पोचले. मुलीनं वरण-भात करून ठेवला होता, सासूबाई जाग्या होत्या. जेवण झाल्यावर मी फाइल उघडली आणि प्रकरणातला तक्ता पुन्हा मांडायला घेतला. आधी दोन रकाने होते, हजर आणि गैरहजर. आता तिसरा लागणार. त्यात आकडे भरून झालेत, एक-एक गोल तीन-तीनदा मोजून. मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं की या तिसऱ्या रकान्याला नाव काय देणार. उधारी म्हणता येत नाही, कारण ती परत मागायची नव्हती. दानही म्हणता येत नाही, आजींना तो शब्द आवडणार नाही. कळव्याला फोन करून मी त्यांनाच विचारलं, त्या म्हणाल्या, त्याला नाव नसतंय, गोल काढायचा.

छापील तक्त्यात रकान्याच्या डोक्यावर मी सध्या एक गोल काढून ठेवला आहे.